रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली, आणि पुढे शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप आणला

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात द्राक्षबागांच्या कडेला आता सोलर पॅनेल दिसतात. ऊन पडलं की पंप सुरू, रात्रीच्या लाईटसाठी विहिरीवर जागायला नको. पण पाणी वर ढकलणारा पंपातला पंखा या भागात पहिल्यांदा घडला तो मिरज-पुणे रेल्वेमार्गावर, सांगली आणि भिलवडीच्या पुढं. तो घडवणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथं कळलं की आपल्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनला दिली. लक्ष्मणरावांनी नोकरीच सोडली.

बेळगावात भावासोबत सायकलींचं दुकान होतं. तिथूनच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. आता खरी पंचाईत झाली. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं नांगर दोन वर्षं तसेच पडून राहिले. पुढं विकले गेले, तर फाळ मऊ असल्याची तक्रार आली. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही, फाळ कडक करायच्या मागं लागले. त्यांचा धंदा टिकला तो बहुधा याच सवयीमुळं.

बेळगावची जागा नगरपालिकेनं खाली करायला लावली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले!

१९२६ मध्ये इथं सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या पंपांत त्याची गणना होते. तोवर विहिरीचं पाणी बैलांच्या मोटेनं निघायचं. या पंपाचं तंत्र सोपं आहे. पंखा जोरात फिरून पाणी बाहेर फेकतो, मध्यभागी दाब कमी होतो आणि हवेच्या दाबानं विहिरीतलं पाणी पाइपातून वर येतं. असं ओढून पाणी सात-आठ मीटरच चढतं, म्हणून पंप विहिरीत खाली उतरवावा लागायचा.

इंजिन गेलं, मोटर आली, आता वीज उन्हातून येते. पंखा मात्र तोच. बोअरच्या सोलर पंपात एकावर एक असे अनेक पंखे असतात, एवढाच फरक. आभाळ आलं की त्यांचा वेग कमी होतो. वेग निम्मा झाला, तर पाणी चढवायची ताकद पावपटच उरते. सरकारी योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो आणि सर्वसाधारण शेतकरी १० टक्के रक्कम भरतो. पण पाणी किती खोल आहे ते अर्ज करण्याआधीच मोजलेलं बरं, कारण ढगाळ दिवशी सगळा हिशेब त्यावरच येतो.

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिलेला त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे.