शेषराव वानखेडे

बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे (२४ सप्टेंबर १९१४ – ३० जानेवारी १९८८) हे विदर्भातील राजकारणी आणि क्रिकेट प्रशासक होते. ते महाराष्ट्राचे अर्थमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, मुंबई क्रिकेट संघटनेचे प्रदीर्घ काळ अध्यक्ष आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. मुंबईचे वानखेडे स्टेडियम त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. सामना भरविणाऱ्या संघटनेचाच मैदानावर व तिकिटांवर ताबा असावा, हे क्रीडा विपणनाचे मूलभूत तत्त्व या स्टेडियममुळे मुंबईत प्रत्यक्षात आले.

पार्श्वभूमी

वानखेडे यांच्या उमेदीच्या काळात नागपूर आणि वऱ्हाडातील अमरावती, अकोला हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. वऱ्हाडात खेळाचे केंद्र प्रामुख्याने व्यायामशाळा हे होते. वानखेडे यांच्या जन्मवर्षीच, १९१४ मध्ये, अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. अशा संस्था मुख्यतः कार्यकर्त्यांच्या बळावर चालत. मुंबईचे कसोटी क्रिकेट मात्र तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांवर उभे होते.

राजकीय कारकीर्द

वानखेडे नागपूर महानगरपालिकेचे पहिले महापौर होते. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना झाली. वानखेडे नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री होते. १९७२ ते १९७७ या काळात त्यांनी विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले.

तिकिटांचा वाद

१९६३ मध्ये वानखेडे मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी मुंबईतील कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत असत. १९३७ मध्ये खुले झालेले हे मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते. संघटनेशी संलग्न क्लबांमधून खेळाडू घडत. परंतु सामन्याच्या वेळी संघटनेच्या वाट्याला किती जागा याव्यात, हे मैदानाच्या मालकाशी वाटाघाटी करूनच ठरत असे. क्लबच्या सभासदांच्या जागा राखीव असल्याने संलग्न क्लब व सामान्य प्रेक्षक यांच्यासाठी उरणारी तिकिटे मर्यादित होती.

दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मोठे उत्पन्न मिळू लागण्यापूर्वीच्या त्या काळात तिकीटविक्री हेच उत्पन्नाचे मुख्य साधन होते. सामन्याच्या दिवशी रिकामी राहिलेली किंवा विनामूल्य गेलेली जागा पुन्हा विकता येत नाही. म्हणून जागांचे वाटप हाच वादाचा गाभा ठरला. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर हा वाद विकोपाला गेला.

स्टेडियमची उभारणी

वानखेडे यांनी वाढीव तिकिटांची मागणी करीत राहण्याऐवजी स्वतंत्र मैदान बांधण्याचा निर्णय घेतला. ब्रेबॉर्नपासून जवळच, चर्चगेट स्थानकानजीकची जागा त्यासाठी निवडण्यात आली. उपनगरी रेल्वेने येणाऱ्या प्रेक्षकाला स्थानकातून चालत मैदानावर पोहोचता येणे, हा या जागेचा मोठा लाभ होता. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम उभे राहिले.

येथील पहिली कसोटी २३ ते २९ जानेवारी १९७५ या काळात भारत व वेस्ट इंडीज यांच्यात झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजने २०१ धावांनी विजय मिळविला. लॉइड यांच्या द्विशतकानंतर त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केल्याने प्रेक्षक खवळले आणि खेळात व्यत्यय आला. जागा वाढविण्याइतकेच गर्दीचे व्यवस्थापनही आवश्यक असते, हे पहिल्याच सामन्यात दिसून आले.

क्रिकेट मंडळ व अखेरची वर्षे

१९८० ते १९८२ या काळात वानखेडे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर नागपूरचेच एन. के. पी. साळवे या पदावर आले. नोव्हेंबर १९८७ मध्ये विश्वचषकाचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना वानखेडे स्टेडियमवर झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच वानखेडे यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते.

परिणाम व मूल्यमापन

नव्या स्टेडियममुळे मुंबई क्रिकेट संघटनेला जागांचे वाटप स्वतः ठरविता येऊ लागले. गरवारे क्लब हाउस आणि खेळाडूंच्या नावांची प्रेक्षागृहे यांतून या वास्तूची स्वतंत्र ओळखही घडली. याची किंमत ब्रेबॉर्न स्टेडियमला मोजावी लागली. १९७३ नंतर तेथे पुढची कसोटी थेट डिसेंबर २००९ मध्ये खेळली गेली. एकाच परिसरात दोन मोठी मैदाने असण्यावर आणि घाईने बांधलेल्या स्टेडियममधील गैरसोयींवर टीकाही झाली. २०११ च्या विश्वचषकापूर्वी वानखेडे स्टेडियमची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करण्यात आली. त्यानंतर त्याची आसनक्षमता सुमारे ३३,००० झाली. २ एप्रिल २०११ रोजी भारताने याच मैदानावर विश्वचषक जिंकला.