विश्लेषण : मुलांच्या हातात ‘हजार’ देणाऱ्या मारिया मॉन्टेसरी कोण होत्या?

शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणणारे मूल, सत्तावीस म्हणजे किती दशक आणि किती सुटे, या प्रश्नावर अनेकदा अडते. तोंडपाठ आकडा आणि समजलेली संख्या यांतले हे अंतर पुढे हातच्याची बेरीज आली की उघडे पडते आणि मुलावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत पायाभूत वाचन आणि गणित यावे, असे उद्दिष्ट केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये ठेवले. हेच अंतर मिटवण्यासाठी शतकापूर्वी एका इटालियन डॉक्टरने मुलांच्या हातात मणी दिले होते. त्यांचे आडनाव आज गल्लोगल्लीच्या बालवाड्यांच्या पाटीवर दिसते. त्यांचे काम मात्र फारसे माहीत नसते.

इंजिनीअर व्हायचे होते, मग डॉक्टर कशा झाल्या?

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाले या गावी झाला. वडील सरकारी अधिकारी होते. कुटुंब रोमला आल्यानंतर मारिया यांनी तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. तिथे प्रामुख्याने मुलगेच शिकत. गणिताची आवड होती आणि इंजिनीअर होण्याचा विचार होता. पुढे तो बदलून त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. मुलांबरोबर बसून शवविच्छेदन करणे मुलीला शोभत नाही, असे मानले जात असल्याने त्यांना ते काम वर्ग संपल्यावर एकटीने करावे लागे. १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

शिक्षणाकडे त्या कशा वळल्या?

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेली मुले पाहिली. ही मुले शिकूच शकत नाहीत, असे गृहीत धरून त्यांना मोठ्यांच्या मनोरुग्णालयात कोंडले जात असे. मॉन्टेसरींनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे लेखन अभ्यासले. सेगँ यांनी अशा मुलांना हाताळायच्या वस्तूंमधून शिकवले होते. १९०० मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या विशेष संस्थेत मॉन्टेसरी सहसंचालक झाल्या आणि तिथे त्यांनी ही साधने वापरली, बदलली. मुले लिहू-वाचू लागली. त्यावरून त्यांना वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इतके शिकू शकतात, तर मग साध्या शाळेतली निरोगी मुले मागे का राहतात?

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. सहकारी डॉक्टर ज्युझेप्पे मॉन्तेसानो यांच्यापासून १८९८ मध्ये त्यांना मारिओ हा मुलगा झाला. विवाह झाला नाही. त्या काळात ही गोष्ट उघड झाली असती तर काम संपले असते. मारिओला रोमबाहेर एका कुटुंबाकडे वाढवायला दिले गेले. जगभरच्या मुलांसाठी राबणाऱ्या या बाईंचा स्वतःचा मुलगा किशोरवयात त्यांच्याकडे राहायला आला. त्यानंतरही कित्येक वर्षे त्याची ओळख भाचा म्हणूनच करून दिली जाई. पुढे तोच त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी झाला.

पहिले ‘बालगृह’ कोणासाठी होते?

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह सुरू झाले. आईवडील कामावर गेले की मुले दिवसभर इमारतीत मोकाट फिरत आणि नासधूस करत. ती टाळण्यासाठी इमारतीची दुरुस्ती करणाऱ्या संस्थेला मुलांना एका खोलीत सांभाळणारे कोणी हवे होते. मॉन्टेसरींनी ती जबाबदारी घेतली. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुले तिथे होती. आज शहरांत महागड्या शुल्काशी जोडल्या जाणाऱ्या या पद्धतीची सुरुवात अशी गरीब वस्तीतून झाली.

मण्यांनी गणित कसे शिकवतात?

मॉन्टेसरींच्या गणिताचा नियम साधा आहे : आधी वस्तू, मग अंक. मूल प्रथम लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा लाकडी दांड्या हाताळते. सर्वांत छोटी दहा सेंटीमीटर, सर्वांत मोठी एक मीटर. त्यामुळे पाच म्हणजे पाचवा शब्द एवढेच न राहता पाच तुकड्यांची एक पूर्ण लांबी होते. मग खरखरीत कागदाच्या अंकांवर बोट फिरवून अंकाचा आकार हातात बसवला जातो. त्यानंतर शून्य ते नऊ अशा कप्प्यांची पेटी येते. तीत ४५ लाकडी काड्या मोजून ठेवायच्या असतात. शून्याच्या कप्प्यात काहीच जात नाही. शून्याची व्याख्या सांगायची गरजच उरत नाही.

पुढची पायरी सोनेरी मण्यांची. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी ओवलेली काडी म्हणजे दशक. अशा दहा काड्यांचा चौकोन म्हणजे शतक आणि दहा चौकोनांचा ठोकळा म्हणजे हजार. मूल एका हातात एक मणी आणि दुसऱ्या हातात हजारचा ठोकळा धरते. कागदावर या दोन संख्यांत फक्त तीन शून्यांचा फरक दिसतो. हातात मात्र वजनाचा फरक जाणवतो.

आता ४६ आणि ३७ यांची बेरीज पाहू. चार काड्या व सहा मणी, त्यात तीन काड्या व सात मणी. सुटे मणी तेरा झाले. त्यातले दहा ‘बँकेत’ देऊन मूल एक काडी घेते. उत्तर : आठ काड्या, तीन मणी, म्हणजे ८३. आपण ज्याला हातचा एक म्हणतो, तो इथे खरोखर हातात येतो. तो दशकाच्या घरात का लिहायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

यात शिक्षकाचे काम काय?

ही साधने अशी घडवली आहेत की चूक वस्तूच दाखवते. कप्प्यांत काड्या चुकीच्या मोजल्या, तर शेवटी एखादी कमी पडते किंवा उरते. शिक्षकाने लाल शेरा मारायची वेळ येत नाही. मूल परत मोजते. शिक्षक वापर दाखवतो, निरीक्षण करतो आणि मूल तयार झाले की पुढचे साधन देतो.

मराठी मुलांना याचा विशेष उपयोग आहे का?

आहे. मराठीत ४३ लिहिताना चार आधी येतो, पण म्हणताना ‘त्रेचाळीस’मध्ये तीन आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिल्यावर राज्यभर वाद झाला. चार काड्या आणि तीन मणी समोर असतील, तर मुलाला दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे दिसते.

टीका काय झाली?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच आक्षेप घेतला की, प्रत्येक साधन ठरावीक पद्धतीनेच वापरायचे असल्याने कल्पकतेला वाव कमी राहतो. साधने आणि प्रशिक्षण यांवरील मॉन्टेसरींच्या कडक नियंत्रणावरही टीका झाली. मुसोलिनीच्या सरकारने सुरुवातीला त्यांच्या शाळांना दिलेला पाठिंबा त्यांनी स्वीकारला होता. संबंध बिघडल्यावर १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली. त्याच वर्षी अंकगणित आणि भूमिती यांवरील त्यांची दोन पुस्तके स्पेनमध्ये प्रसिद्ध झाली.

भारताशी आणि महाराष्ट्राशी नाते काय?

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या १९३९ मध्ये मारिओंसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारने दोघांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवले. मारिओंना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत ठेवले गेले. मॉन्टेसरींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. पुढे अड्यार, कोडाईकनाल आणि इतरत्र मॉन्टेसरींनी हजारावर शिक्षक घडवले. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडक यांनी रुजवला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये बोर्डीला काम हलवले. तिथे आणि पुढे कोसबादला त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, काड्या वापरल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात नेली.

पालकांनी काय पाहावे?

अनेक देशांत मॉन्टेसरी या नावावर कोणाचा एकाधिकार नाही. त्यामुळे पाटीवरून काही कळत नाही. साधने कपाटात शोभेला आहेत की मुलांच्या हातात, मुलाला एकाच साधनावर हवा तेवढा वेळ मिळतो का आणि वस्तूकडून अंकाकडे नेले जाते का, हे वर्गात बसून पाहावे. दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या आणि काही सुटे चिंचोके असले, तरी दशकाचा पहिला धडा घरी सुरू करता येतो.