फ्रांत्झ फॅनन

फ्रांत्झ फॅनन (२० जुलै, १९२५ – ६ डिसेंबर, १९६१) हे मनोविकारतज्ज्ञ, लेखक व वसाहतवादविरोधी विचारवंत होते. रुग्णाच्या मनाचा विचार त्याच्या सामाजिक अवस्थेपासून तोडून करता येत नाही, हे त्यांच्या संशोधनाचे सूत्र होय.

मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरील फोर-द-फ्रान्स येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले व जखमी झाले. वर्णभेदाचा कटू अनुभवही त्यांना त्याच सैन्यात आला. पुढे लिआँ येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. वर्णद्वेषाचे मनावर होणारे परिणाम उलगडणारा त्यांचा 'पो न्वार, मास्क ब्लां' (काळी त्वचा, गोरे मुखवटे) हा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५३ मध्ये ते अल्जीरियातील ब्लिदा मनोरुग्णालयात रुजू झाले. उत्तर आफ्रिकेतील माणूस जन्मतःच आदिम वृत्तीचा असतो, असे तेथील प्रस्थापित फ्रेंच मनोविकारशास्त्र मानीत असे. फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया व २२० मुस्लिम पुरुष रुग्ण होते. सभा, वृत्तपत्र, हस्तकला अशा सामूहिक उपचारांनी स्त्रियांमध्ये सुधारणा दिसली. पुरुषांच्या विभागात मात्र तेच उपाय फसले. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, डॉक्टरांशी बोलणे दुभाष्यामार्फत होई आणि टोपल्या विणणे हे त्यांना बायकांचे काम वाटे. दोष रुग्णांचा नसून, त्यांची संस्कृती न जाणता उपचार लादणाऱ्यांचा आहे, असे फॅनन यांनी सहकारी झाक आझुले यांच्यासह १९५४ च्या शोधनिबंधात मोकळेपणाने मांडले. आपले अपयश असे छापून मांडणारे संशोधक थोडेच! त्यानंतर तेथे स्थानिक धर्तीचे कॉफीगृह, मुस्लिम सणांचे साजरीकरण आणि कथेकऱ्यांचे कार्यक्रम सुरू झाले.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात छळ सोसलेले अल्जीरियन आणि छळ करणारे पोलीस, असे दोघेही त्यांच्याकडे उपचारासाठी येत. माणसाला स्वतःच्याच देशात परका करणाऱ्या व्यवस्थेत राहून त्याचे मन बरे करणे अशक्य आहे, अशा निष्कर्षाप्रत येऊन त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. ट्यूनिस येथे राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे काम करीत असतानाच त्यांनी दिवसा उपचार घेऊन सायंकाळी घरी परतण्याची सोय असलेले मनोरुग्णालय चालविले. मनोरुग्णाला कुटुंबापासून न तोडण्याची ही कल्पना तेव्हा आफ्रिकेत नवीनच होती.

'ले दाम्ने द ला तेर' हा त्यांचा अखेरचा ग्रंथ. त्यातील हिंसेविषयीच्या प्रकरणाची चर्चा फार झाली. युद्धग्रस्त रुग्णांच्या नोंदींचे प्रकरण त्यामानाने दुर्लक्षित राहिले, वास्तविक फॅनन यांच्यातील वैद्य तेथेच भेटतो. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने अमेरिकेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अल्जीरियाच्या भूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. ब्लिदा येथील रुग्णालयाला आता त्यांचेच नाव आहे.