यशवंतराव चव्हाण : पावणेअठ्ठ्याण्णव टक्के कराचे अर्थमंत्री

शंभर रुपयांच्या वाढीव कमाईतून पावणेअठ्ठ्याण्णव रुपये सरकारजमा आणि सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती, असा आयकराचा दर भारतात एके काळी अस्तित्वात होता. वर्षाला दोन लाख रुपयांपेक्षा अधिक मिळकत असणाऱ्यांना १९७३-७४ पर्यंत तो लागू होता. हा दर ज्यांच्या स्वाक्षरीने त्या उंचीला पोहोचला आणि ज्यांनीच तो पुढे खाली आणला, ते अर्थमंत्री यशवंतराव बळवंतराव चव्हाण होत.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चीनच्या आक्रमणानंतर दिल्लीला बोलावण्यात आलेले संरक्षणमंत्री, 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्राचे लेखक, अशी यशवंतरावांची ओळख मराठी वाचकाला आहे. नॉर्थ ब्लॉकमधील त्यांच्या चार वर्षांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. कर कोणी भरावा आणि करकपातीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, या प्रश्नाची सर्वात कठोर परीक्षा भारतात त्याच चार वर्षांत झाली.

देवराष्ट्रे ते दिल्ली

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आई विठाबाई यांनी कष्टाने मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना कारावास घडला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवी आणि पुण्यातून कायद्याची परीक्षा, असा त्यांचा शिक्षणाचा मार्ग तुरुंग आणि तंगी यांतून गेला. काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९४२ च्या आंदोलनात ते सातारा जिल्ह्यात भूमिगत राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना शैक्षणिक शुल्क माफ करणारी ईबीसी सवलत ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक खूण मानली जाते. सवलतीचा निकष पालकांच्या मिळकतीचा होता. उत्पन्नाचा आकडा हा न्यायाचा मापदंड होऊ शकतो, हा विश्वास त्यांच्या राजकारणात तेव्हापासून दिसतो.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीत आणले. संरक्षण आणि गृह ही खाती सांभाळल्यानंतर जून १९७० मध्ये इंदिरा गांधी यांनी त्यांच्याकडे अर्थखाते सोपविले.

चढती पायरी

बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. फेब्रुवारी १९७० मध्ये इंदिराजींनी स्वतः मांडलेल्या अर्थसंकल्पाने आयकराचा सर्वोच्च दर ८५ टक्के आणि त्यावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९३.५ टक्के इतका केला होता. गरिबी हटविण्याच्या घोषणेवर १९७१ ची निवडणूक जिंकल्यानंतर यशवंतरावांनी मे महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पात १५ हजारांपेक्षा जास्त मिळकतीवरील अधिभार १५ टक्क्यांवर नेला. ८५ टक्क्यांवर १५ टक्के चढले की ९७.७५ होतात. त्याच अर्थसंकल्पाने १५ लाखांवरील संपत्तीवर ८ टक्के संपत्ती कर बसविला. दोन्ही कर एकत्र केले तर काही धनिकांचा देय कर त्यांच्या वर्षाच्या मिळकतीपेक्षाही जास्त भरत असे.

आयकराचे एकूण ११ टप्पे होते. पाच हजारांपर्यंत कर नाही, त्यापुढे १० टक्क्यांपासून सुरुवात आणि पायरी-पायरीने चढ. कागदावर याहून समतेची रचना शोधणे कठीण होते. ज्याची ऐपत अधिक त्याने केवळ रकमेनेच नव्हे तर प्रमाणानेही अधिक द्यावे, हे चढत्या कराचे तत्त्व जगभर मान्य होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेतही सर्वोच्च दर ९० टक्क्यांपलीकडे गेले होते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांचा सल्ला मात्र निराळा होता. १९५६ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी संपत्ती, देणगी आणि खर्च यांवर कर बसवावेत, परंतु आयकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर थांबवावा, असे सुचविले होते. सरकारने नवे कर उचलले, दरावरील मर्यादा सोडून दिली.

दर चढला, कर कोठे गेला?

माजी सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या अध्यक्षतेखालील प्रत्यक्ष कर चौकशी समितीने डिसेंबर १९७१ मध्ये आपला अंतिम अहवाल यशवंतरावांच्या मंत्रालयाला सादर केला. १९६८-६९ या एका वर्षात सुमारे १,४०० कोटी रुपयांचे उत्पन्न करातून निसटले, असा समितीचा अंदाज होता. समितीचे सदस्य डॉ. डी. के. रांगणेकर यांनी भिन्न मतपत्रिका जोडून हा आकडा त्याच्या दुपटीच्या घरात असल्याचे दाखविले. करचुकवेगिरीच्या कारणांत समितीने अवाजवी दरांना पहिले स्थान दिले आणि सर्वोच्च दर अधिभारासह ७५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली.

शंभरातले सव्वादोन रुपये राखण्यासाठी कोणी हिशेब दाखवीत नाही. लपविले तर शंभरच्या शंभर वाचतात. त्यामुळे चढत्या दराचा खरा भार ज्याचा पगार कार्यालयातच कापला जातो त्याच्यावर, तर सूट ज्याच्याकडे दोन वह्या आहेत त्याला, असे व्यवहारात होत होते.

समितीने अंतरिम अहवालात मोठ्या नोटा चलनातून रद्द करण्याचेही सुचविले होते. यशवंतराव त्यास अनुकूल होते. त्यांचे स्वीय सचिव राहिलेले माधव गोडबोले यांनी नोंदविल्यानुसार, प्रस्ताव घेऊन ते पंतप्रधानांकडे गेले तेव्हा पक्षाला यापुढे निवडणुका लढवायच्या नाहीत काय, अशा आशयाचा प्रतिप्रश्न त्यांना ऐकावा लागला. विषय तेथेच संपला. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रतिप्रश्नाचा अर्थ स्पष्ट होतो. मोठ्या नोटा अखेर जानेवारी १९७८ मध्ये जनता सरकारने रद्द केल्या.

दुसरी पळवाट यशवंतरावांच्या अधिक जवळची होती. शेतीच्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा अधिकार घटनेनुसार राज्यांकडे आहे आणि बहुतेक राज्ये तो वापरत नव्हती. प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये मोठ्या शेतजमिनींवर धारणा कर सुचविला. सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून उभे राहिलेले नेतृत्व त्या वेळी अर्थमंत्रिपदी होते. तो कर आला नाही. १९७३ च्या वित्त कायद्याने एवढेच झाले की अन्य करपात्र उत्पन्न असणाऱ्याच्या बाबतीत कराचा दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न मोजले जाऊ लागले. केवळ शेतीवर श्रीमंत झालेला बागाईतदार बाहेरच राहिला. कराडच्या या सुपुत्राच्या अर्थकारणातील ही सर्वात मोठी उणीव म्हणावी लागेल.

दरम्यान खर्च वाढतच होता. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले, डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झाले, पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. गिरणी कामगार आणि गिरणीमालक दोघांच्या पाकिटावर ते सारखेच होते. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पातील ५५० कोटींच्या तुटीमुळे त्याला काळा अर्थसंकल्प हे नाव पडले.

कपातीचा हिशेब

२८ फेब्रुवारी १९७४ रोजी यशवंतरावांनी आपला शेवटचा अर्थसंकल्प मांडला. सर्वोच्च दर अधिभारासह ७७ टक्क्यांवर आला आणि करमुक्त मर्यादा पाच हजारांवरून सहा हजारांवर गेली. लाभाचे गणित असे होते : वर्षाला सहा हजार मिळविणाऱ्या कारकुनाचे ११० रुपये वाचले. दोन लाखांच्या वर मिळविणाऱ्याच्या हाती मात्र पुढील प्रत्येक शंभरामागे सव्वादोनऐवजी २३ रुपये, म्हणजे दहापट राहू लागले. जो पूर्वी उत्पन्न दाखवीतच नव्हता, तो आता दाखवील, ही सरकारची अपेक्षा होती.

महागाई तेव्हा २० टक्क्यांच्या पुढे धावत होती. जुलै १९७४ मध्ये वटहुकूम निघाले आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग व पगारवाढ सक्तीच्या ठेवीत अडकली. पैसे व्याजासह परत मिळणार होते, तरी त्या महिन्याचा किराणा त्यातून येणार नव्हता. १५ हजारांवरील करदात्यांनाही सक्तीची ठेव लागू झाली, हे खरे. पण वरच्या थराला पाच महिन्यांपूर्वी सवलत मिळाली होती. ऑक्टोबरमध्ये यशवंतराव परराष्ट्र खात्यात गेले. त्यांचे उत्तराधिकारी सी. सुब्रमण्यम यांनी १९७६ मध्ये सर्वोच्च दर ६६ टक्क्यांवर आणला.

वाटणीच्या टेबलापलीकडे

१९७७ नंतर यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधान झाले आणि पुढे बाजूला पडत गेले. १९८२ मध्ये त्यांना आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. केंद्राने गोळा केलेला कर राज्यांत कसा वाटावा, हे ठरविण्याचे हे काम होते. येथे त्यांना जुन्या निर्णयाची दुसरी बाजू पाहावी लागली. आयकरातील ८५ टक्के वाटा राज्यांचा होता. परंतु अधिभार सर्वस्वी केंद्राचा. १९७१ मध्ये त्यांनी वाढविलेल्या अधिभारातील एक पैसाही महाराष्ट्राला किंवा बिहारला मिळाला नव्हता. अधिभाराविषयीची राज्यांची ही तक्रार आजही मिटलेली नाही. आयोगाने आयकरातील वाटा कायम ठेवला आणि उत्पादन शुल्कातील राज्यांचा हिस्सा ४० वरून ४५ टक्के केला. उत्पादन शुल्क म्हणजे तेव्हा काडेपेटीपासून कापडापर्यंत सर्वांच्या खिशातून जाणारा कर होता.

जून १९८३ मध्ये पत्नी वेणूताई यांचे निधन झाल्यानंतर ते खचले होते. आयोगाचा अहवाल १९८४ च्या एप्रिलमध्ये सादर झाला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १६ मार्च १९८५ रोजी, विश्वनाथ प्रताप सिंह यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला. व्यक्तिगत आयकराचा सर्वोच्च दर ५० टक्के झाला, अधिभार रद्द झाला आणि वारसांना मिळणाऱ्या इस्टेटीवरील मृत्यू करही त्याच दिवशी संपला.