गगनविहारी जहांगीर

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे एक गाव आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी एक पारशी कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहावयास येत असे. जवळच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. त्यांचा वैमानिक अदोल्फ पेगू गावच्या पुळणीवर विमान उतरवी. हा पेगू साधासुधा वैमानिक नव्हता. १९१३ च्या सप्टेंबरात त्याने आकाशात विमानासह कोलांटी मारून दाखविली होती. त्याच्या थोडेच दिवस आधी रशियाच्या नेस्तेरोव्हने कीव्ह येथे तोच पराक्रम केला होता. परंतु युरोपभर गाजला तो पेगू. त्या पारशी कुटुंबातील एका मुलाला ही विमाने पाहता पाहता उड्डाणाचे वेड लागले. त्या मुलाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जहांगीरचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी हे टाटा घराण्यातील उद्योगपती, तर आई मूळची फ्रेंच. पंधराव्या वर्षी आर्देलो येथेच जहांगीरला विमानात बसावयास मिळाले. ते उड्डाण अल्पकाळचेच होते. पण आपण वैमानिक व्हावयाचे, हा निश्चय त्याच वेळी झाला. तो सिद्धीस जाण्यास मात्र बरीच वर्षे जावी लागली. मुंबईत जुहू येथे विमानविद्या शिकविणारा क्लब निघाला, तेव्हा जहांगीर चोवीस वर्षांचे होते. शिक्षकासमवेत अवघे पावणेचार तास उड्डाण केल्यावर त्यांनी एकट्याने विमान आकाशात नेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने दिलेला तो पहिला परवाना होय.

त्या काळी परवान्याच्या परीक्षेत दोन खांबांभोवती आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावी लागत. (हा आठ इंग्रजी वळणाचा, मराठी नव्हे.) वाचताना हे सोपे वाटते, परंतु वळण घ्यावयाचे तर विमान एका पंखावर कलवावे लागते. ते साठ अंशांनी कलवून, उंची न सोडता वळविले, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो. आत बसलेल्या माणसालाही आपले वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. तीस किलोग्रॅम वजनाचा मुलगा त्या वेळी आसनावर साठ किलोग्रॅमच्या भाराने दाबला जाईल. उंच पाळणा खाली येऊन पुन्हा वर जाऊ लागतो, तेव्हा अंग क्षणभर जड वाटते. तोच हा अनुभव, पण कितीतरी पटींनी मोठा. पेगूच्या कोलांटीत तर तळाशी हा भार तिपटीचौपटीवर जातो. मस्तकातील रक्त पायांकडे ओढले जाते, आणि भार फार वाढला किंवा फार वेळ टिकला, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. उलट कोलांटीच्या माथ्यावर विमान पालथे असूनही, वेग पुरेसा असेल तर वैमानिक आसनातून गळून पडत नाही. पाण्याने भरलेली बादली भरभर गोल फिरविली, म्हणजे ती उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, त्याचे कारणही हेच. आकाशातील आनंद असा मोजूनमापून घ्यावा लागतो. ज्याला हा हिशेब येत नाही, त्याने जमिनीवर राहिलेले बरे!

१९२९ साली आगाखान यांनी एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास विमानातून एकट्याने प्रथम पुरा करणाऱ्या भारतीयास पाचशे पौंड मिळावयाचे होते. जहांगीर कराचीहून इंग्लंडकडे निघाले. त्याच वेळी सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघांची गाठ पडली ती इजिप्तमध्ये, अबुकीर येथे. अस्पीचे विमान स्पार्क प्लगच्या अभावी खोळंबले होते. इंजिनातील इंधन पेटविणारी ठिणगी हा प्लग देतो; तो नादुरुस्त झाला की इंजिन नीट चालत नाही. जहांगीर यांच्याजवळ जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी तेथेच अडकून पडता, तर जहांगीर यांची वाट मोकळीच होती. त्यांनी ते प्लग काढून अस्पीच्या हाती दिले. दोघेही आपापल्या दिशेने उडाले, आणि अवघ्या काही तासांच्या फरकाने अस्पी शर्यत जिंकला. हाच अस्पी पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

छंदातूनच जहांगीर यांचे मोठे कार्य उभे राहिले. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने त्यांच्यापुढे हवाई टपालाची योजना मांडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर यांनी कराचीहून पस मॉथ नावाच्या लहानशा, एका इंजिनाच्या विमानातून सुमारे पंचवीस किलोग्रॅम टपाल घेऊन उड्डाण केले. विमानात रेडिओ नव्हता. नकाशा आणि डोळे यांवरच भिस्त. अहमदाबादला पेट्रोल घेण्यासाठी ते उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. दुपारी विमान जुहूला पोहोचले, आणि तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासला नेले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची सखल, चिखलाची जमीन. पावसाळ्यात तेथे पाणी भरे. मग सारा व्यवहार पुण्यास हलवावा लागे. पुढे अन्यत्रही विमानतळ होऊ लागले. करवीर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ बांधविला आणि १९३९ च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले.

टाटांची ही कंपनी १९४६ साली एअर-इंडिया झाली. १९४८ च्या जूनमध्ये तिचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली सरकारने विमानव्यवसाय आपल्या हाती घेतला, तरी अध्यक्षपद जहांगीर यांच्याकडेच राहिले. प्रवासात पडद्यांपासून स्वच्छतागृहापर्यंत सारे काही ते स्वतः पाहत आणि उणिवा टिपून ठेवीत. विमानातील चहा व कॉफी यांचा रंग वेगळा ओळखता येत नाही, अशीही तक्रार त्यांनी एकदा नोंदविली होती!

१९७८ साली सरकारने त्यांना या पदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षे वाढविलेले काम असे हातचे गेले, याचे त्यांना दुःख झाले. विमान चालविण्याचा आनंद मात्र कोणाला काढून घेता येण्यासारखा नव्हता.

पहिल्या टपालउड्डाणास तीस वर्षे झाली, तेव्हा १९६२ साली लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून जहांगीर यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला होता. पन्नास वर्षे पुरी झाली, त्या वेळी ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. या वयात एकट्याने जुन्या विमानातून जाणे म्हणजे जिवाशी खेळच. परंतु तरुण पिढीच्या मनात उमेद जागी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी ते पुन्हा कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरून ते पुढे मुंबईकडे आले, आणि लेपर्ड मॉथची चाके जुहूच्या जमिनीस लागली, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी लोक जमले होते.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिस येथे त्यांचे दफन करण्यात आले.