अंधांच्या बोटांना लेखणी देणारा मास्तर

अंध मुलाला गाणे शिकवले म्हणजे त्याच्या पोटापाण्याची सोय झाली, असे पुष्कळ भले लोक समजतात. गाणे शिकवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे असे पालक मला नेहमी भेटतात. सूर कानाला कळतो, त्याचे डोळ्यांवाचून अडत नाही, हे खरेच. परंतु विद्या येणे निराळे आणि त्या विद्येवर चार माणसांत नोकरी धरून राहणे निराळे. ही मधली दरी स्वतः ओलांडून मागून येणाऱ्यांसाठी तीवर पूल बांधणारा पुरुष म्हणजे लुई ब्रेल. त्याच्या लिपीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तो स्वतः शिक्षक आणि वादक म्हणून नोकरी करून जगला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पॅरिसपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कूव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर व साज बनवणारे कारागीर. तीन वर्षांचा लुई त्यांच्या दुकानात खेळत असता आरी डोळ्यात गेली. ते दुखणे दुसऱ्या डोळ्यालाही लागले आणि पाचव्या वर्षापर्यंत पोराची दृष्टी पार गेली. आईबापांनी त्याला घरात कोंडले नाही. गावच्याच शाळेत डोळस मुलांबरोबर बसवले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंटिन आउई या गृहस्थाने १७८५ साली काढली होती. त्याचा पहिला शिष्य भीक मागून जगणारा अंध तरुण होता. तेव्हा भिकेच्या जागी कमाई यावी हाच तिचा पाया. मुलांना हातउद्योग व संगीत शिकवीत. वाचायला जाड कागदावर उठवलेली नेहमीचीच अक्षरे असत. ती चाचपत वाचताना फार वेळ जाई, आणि तशी अक्षरे स्वतःच्या हाताने लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. शाळा सुटली की साधे पत्र, हिशेब किंवा गाण्याचे टिपण यांसाठी मुलगा पुन्हा दुसऱ्याचा मिंधा!

१८२१ साली शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली. ती उच्चारांवर बेतलेली होती. तीत ना विरामचिन्हे, ना स्वरलेखन. शिवाय बारा ठिपके एका बोटाखाली मावत नसत. लुईने १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, ते सहावर आणले. सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हे होतात आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात कळते. १८२९ साली त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा शब्दांच्या जोडीला संगीतही पुस्तकाच्या नावातच घातले.

गवयाच्या घरात वाढलेल्या मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपली विद्या गुरुमुखी. कागदावाचून तिचे सहसा अडत नाही. युरोपातील चर्चच्या ऑर्गनवादकाला मात्र दोन्ही हातांनी वाजवायची नेमकी रचना कागदावर लिहिलेली असते. आज रूढ असलेल्या ब्रेल स्वरलिपीत वरचे चार ठिपके स्वर सांगतात आणि खालचे दोन त्याचा काळ. अंध वादक एका हाताने वाचतो, दुसऱ्याने वाजवतो आणि मग सारे पाठ करतो. नवी चीज बसवायला त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

लुई १८२८ मध्ये त्याच शाळेत दुय्यम शिक्षक व १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक झाला. बीजगणित, भूमिती, इतिहास असे विषय तो शिकवी. १८३४ पासून तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवू लागला. त्याच शाळेतला क्लोद मोंताल हा अंध विद्यार्थी पियानो सुरात लावण्याच्या कामात इतका वाकबगार झाला की १८३६ साली त्याने त्या विषयावर पुस्तक लिहिले. पुढे अनेक अंधांना हा धंदा मिळाला. डोळसांनाही वाचता येतील अशी अक्षरे ठिपक्यांनी काढण्याची युक्ती ब्रेलने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. पियेर फुको या अंध मित्राने त्यासाठी यंत्रही केले. आता अंध माणूस आपल्या मालकाला स्वतः पत्र लिहू शकत होता.

तरीही शाळेच्या नव्या संचालकाने ब्रेल लिपीवर बंदी घातली. मुले ती चोरून लिहीत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या समारंभात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा विरोध ओसरला. क्षयाने झिजलेला ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्याचे अवशेष पँथेऑनमध्ये नेले.

१९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली, तेव्हापासून आपल्या मराठीलाही हे सहा ठिपके मिळाले आहेत. म्हणून माझे पालकांना सांगणे एवढेच, की मुलाला गाण्यास जरूर घाला, पण त्याच्या बोटांना लिपीही द्या. उद्या तो कोठे नोकरीस लागला, तर आपला कार्यक्रम आणि आपल्या पगाराचा हिशेब त्याला स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे.