दुसरे पुनर्वसन

गोसीखुर्दच्या परिसरात ‘पुनर्वसन’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि तेव्हापासून हा शब्द चावडीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर ऐकू येऊ लागला. कोणाचे गाव उठणार, कोणाला किती मोबदला मिळणार, नवे गावठाण कुठे होणार, या पलीकडे त्या शब्दाला काही अर्थ असेल असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. मी तेव्हा पवनी तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत तरुण अधिकारी होतो.

एका दुपारी एक शेतकरी पाठुंगळीला मूल घेऊन शाखेत आला. मूल चारेक वर्षांचे. तापानंतर दोन्ही पाय लुळे पडलेले. त्याला मुलाच्या उपचारासाठी कर्ज हवे होते. आमच्याकडे बैलजोडीला कर्ज होते, विहिरीला होते, शेळ्यांना होते. मुलाच्या पायांसाठी नव्हते. मी तसे सांगितले. पण त्याला अगदीच रिकाम्या हाताने पाठवायला जीव होईना. मुंबईत हाजीअलीला अपंग मुलांचे रुग्णालय आहे, तिथे गरिबांची सोय होते, एवढे मी कुठेतरी वाचले होते. पैसे भरायच्या स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तो पत्ता लिहून दिला. तो हात जोडून गेला. आपण एक चांगले काम केले या समाधानात मी संध्याकाळचा चहा घेतला.

ते हाजीअलीचे रुग्णालय कोणी उभे केले हे मला ठाऊक नव्हते. ते कळले फार उशिरा, निवृत्तीनंतर, एका कादंबरीसाठी बेचाळीसच्या मुंबईची कागदपत्रे चाळताना. ते नाव होते फातेमा इस्माईल.

फातेमाबाईंचा जन्म १९०३ सालचा, मुंबईच्या श्रीमंत सोबानी घराण्यातला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक आणि गांधीजींचे निकटचे सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची जी प्रचंड होळी झाली, ती याच सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. गिरणीमालकाच्या अंगणात कापड जाळले जावे, यातच त्या घराची जातकुळी कळते. पुढे कापसाच्या व्यापारात उमरभाईंना जबर खोट आली आणि घराण्याचे वैभव ओसरले. पण देशकार्याचे वळण राहिले. फातेमाबाई महिलांच्या चळवळीत वावरल्या आणि बेचाळीसच्या धामधुमीत त्यांनी भूमिगतांना आसराही दिला.

अशा बाईच्या घरात एक दिवस पोलिओ शिरला. त्यांच्या लहानग्या मुलीचे पाय गेले. पोलिओचा विषाणू स्नायूंना हात लावत नाही. तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी मारतो. हुकूम थांबला की स्नायू लुळा पडतो, आणि तसाच राहिला तर आखडतो, सांधा वाकडा होतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र जगलेल्या पेशींकडून अधिक काम करून घेता येते. त्यासाठी रोज शेक, रोज ताण देणे, रोज व्यायाम, मग कॅलिपर, मग एकेक पाऊल. हे काम महिनोन् महिने चालते आणि त्यात खाडा चालत नाही.

त्या काळी आपल्याकडे हे शास्त्र जाणणारे फार थोडे. फातेमाबाई मुलीला घेऊन मद्रासला गेल्या. तिथले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे त्यांनी मुलीचे उपचार करून घेतले. त्यासाठी घरदार सोडून त्या परक्या शहरात राहिल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी पुण्यात लष्कराने व्यायामोपचाराची सोय केली होती. तिथेही त्या मुलीला घेऊन गेल्या. मूल हळूहळू उभे राहिले, चालू लागले.

इथे बहुतेक कहाण्या संपतात. मूल बरे झाले, आईने देवाचे आभार मानले, पेढे वाटले. फातेमाबाईंची कहाणी इथून सुरू होते. त्यांना एक साधा हिशेब सुटेना. मद्रासला राहायला आपल्याकडे पैसा होता, ओळखी होत्या, वेळ होता. ज्या आईकडे यातले काहीच नाही, तिच्या मुलाने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९४७ च्या मे महिन्यात, देश स्वतंत्र होण्याच्या तीन महिने आधी, मुंबईत एक लहानसे उपचार केंद्र सुरू झाले. नामांकित शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा त्यासाठी दिली. फाळणीच्या दिवसांत शहरात भीती दाटलेली असताना इथे हिंदू, मुसलमान, पारशी मुले शेजारी शेजारी पडून पाय ताणून घेत असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच वर्षी संस्था स्थापन झाली : सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन. ‘क्रिपल्ड’ हा शब्द आज कानाला बोचतो, पण त्या नावातला वजनदार शब्द दुसरा आहे, रिहॅबिलिटेशन. पुनर्वसन!

पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. नुसत्या शस्त्रक्रियेवर न थांबता व्यायामोपचार, कॅलिपर, शिक्षण, आणि मोठ्या झालेल्यांच्या हाताला काम, अशी ती साखळी होती. १९५५ साली हाजीअलीलाच पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही सुरू झाली. फातेमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य झाल्या आणि १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे मी ती स्लिप लिहून दिली तेव्हा त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते.

हे सारे वाचले आणि मला तो शेतकरी आठवला. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम त्या भागात गेलो. त्याचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले. विचारत विचारत नव्या गावठाणात पोहोचलो. म्हातारा वारला होता. मुलगा भेटला. आता तो चाळिशीच्या घरातला, तीनचाकी सायकलवर फिरणारा, शिवणकाम करणारा. पायाने पायडल मारता येत नाही म्हणून मशीनला मोटर बसवून घेतलेली. त्याने मला ओळखले नाही, पण स्लिपची गोष्ट काढताच हसला. वडिलांनी ती रेशनकार्डात घडी घालून ठेवली होती, असे त्याने सांगितले. दोन उन्हाळे घरात मुंबईला जायची भाषा झाली. पण रोवणीच्या दिवसांत जाता येईना, कापणीच्या दिवसांत जाता येईना, आणि मजुरी बुडवून तिकडे किती महिने राहायचे, खायचे काय, धाकट्यांना कोण बघणार, याचे उत्तर सापडेना. तिसऱ्या उन्हाळ्यात विषय निघाला नाही. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

मी आयुष्यभर व्याजाचे हिशेब केले, पण ‘मोफत’ या शब्दाचा हिशेब मला त्या ओट्यावर कळला. उपचाराचे पैसे न घेणे ही मोफतची पहिली पायरी. बसचे भाडे, बुडालेली मजुरी आणि आईचा दिवस हा उरलेला खर्च गरिबालाच भरावा लागतो, आणि तोच त्याला पेलत नाही. फातेमाबाईंनी नेमकी ही गोष्ट ओळखली. मद्रासचा पत्ता त्यांनाही इतरांना देता आला असता. त्यांनी पत्ता दिला नाही, मद्रास मुंबईत आणले.

आज काळ बदलला आहे. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण बाळंतपणात प्राणवायू कमी पडल्याने मेंदूला इजा झालेली, जन्मतःच पाऊल वाकडे असलेली मुले खेडोपाडी आहेत, आणि त्यांनाही तोच रोजचा, कंटाळवाणा, खाडा न चालणारा व्यायाम लागतो. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतच मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या मोफत उपचारांसाठी जिल्ह्याच्या केंद्राची तरतूद आहे. हे पाऊल मोठेच आहे. तरी जिल्ह्याच्या गावापासून शेवटच्या वस्तीपर्यंतचे अंतर कोण तोडणार, हा फातेमाबाईंचा प्रश्न शिल्लक राहतोच.

वाचकहो, तुमच्या गल्लीत, गावात असे मूल असेल तर त्याच्या आईला केंद्राचा पत्ता जरूर द्या. पण तेवढ्यावर उठू नका. ती तिथे जाणार कशी, त्या दिवशीची तिची मजुरी कोण भरून देणार, धाकटे पोर कोणाकडे राहणार, हेही विचारा. मी तेव्हा विचारले नाही. विचारायला पाच मिनिटे लागली असती, आणि चहाला अजून वेळ होता.